शेपटाला शेपूट : फुलपाखरांच्या मीलनाविषयी वाचकांचे प्रश्न

पाऊस ओसरायला लागला की रुई, कढीपत्ता, बहावा, कण्हेर यांच्यावर पाखरांची लगबग सुरू होते आणि आमच्याकडे पत्रांची. या वेळचे बहुतेक प्रश्न जोडी, अंडी आणि अळ्या यांचेच आहेत. एकाच मुद्द्याचे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न (नाशिक) : कुंपणाच्या रुईवर नारिंगी रंगाची दोन फुलपाखरं शेपटाला शेपूट चिकटवून बसली होती, तोंडं विरुद्ध दिशांना. दोन तास झाले तरी सुटेनात. कुठेतरी अडकली असतील म्हणून सोडवायला गेलो, तर एक जण दुसऱ्याला लोंबकळत घेऊन उडाला. त्यांना काही इजा झाली असेल का?

इजा झाली नसावी; पण पुन्हा सोडवायला जाऊ नका. तुम्ही पाहिलं ते प्लेन टायगरचं, म्हणजे आपल्या बिबळ्या कडव्याचं मीलन होतं. नराच्या पोटाच्या टोकाला चिमट्यासारखे दोन कडक पाकळे असतात. त्यांनी तो मादीचं टोक धरून ठेवतो. ओढून सोडवलं तर पाकळे तरी मोडतात, नाहीतर मादीचं पोट फाटतं. दोन तास हा वेळही जास्त नाही. काही जातींत अर्ध्या तासात काम उरकतं, काहींत रात्र उलटते.

उडताना ओझं कोण वाहतं, हे बहुतेक कुळांमध्ये ठरलेलं आहे. कडव्यांमध्ये आणि पिवळ्या-पांढऱ्या फुलपाखरांमध्ये नर उडतो आणि मादी पंख मिटून खाली लोंबते. खात्री करायची तर मागच्या पंखाच्या मधोमध असलेले काळे ठिपके मोजा. मादीला 3, नराला 4. नराचा चौथा ठिपका म्हणजे गंधाची पिशवी. पंख मिटलेले असताना खालून पाहिलं, तर त्याच्या मध्यभागी पांढरं आणि भोवती जाड काळी कड दिसते.

जोडी जमण्याआधीचा भाग मात्र फार थोड्यांना दिसतो. नर मादीच्या मागून, थोडा वरून उडतो आणि पोटाच्या टोकातून केसांचे दोन कुंचले बाहेर काढून तिच्या मिशांवर गंध शिंपडतो. तो पसंत पडला तर ती पानावर उतरते, नाहीतर उडून जाते. हा गंध नराला आयता मिळत नाही. त्याचा कच्चा माल खुळखुळा आणि भुरुंडीसारख्या झाडांच्या वाळक्या देठांत असतो. म्हणून सुकलेल्या खुळखुळ्यावर कडव्यांची झुंबड दिसते आणि तिच्यात नरच जास्त असतात. ते सोंडेतून थेंबभर द्रव देठावर सोडतात, त्यात विरघळलेली अल्कलॉइडं, म्हणजे झाडांतली कडू रसायनं, परत ओढून घेतात आणि त्यांपासून गंध तयार करतात. ज्या नराला ती मिळाली नाहीत, तो कितीही धडधाकट असला तरी मादीपुढे फिकाच पडतो. परसात कडवे हवे असतील तर खुळखुळ्याची वाळलेली रोपं उपटून टाकू नका, एवढंच आमचं सांगणं.

प्रश्न (डोंबिवली) : बहाव्याभोवती दोन-तीन पिवळी फुलपाखरं गोल गोल फिरत वर जातात. हे हवेतलं मीलन का?

नाही. फुलपाखरांचं मीलन बसूनच होतं. हवेत दिसते ती आधीची धावपळ. गिरक्या घेत दोघं उंच गेली आणि झटकन दोन दिशांना फाकली, तर बहुधा दोन नरांची हद्दीवरून जुंपली होती. एक सरळ पुढे उडतंय आणि दुसरं चिकटून मागे, असं असेल तर तो नर-मादीचा पाठलाग. पिवळ्या-पांढऱ्या फुलपाखरांची मादी नकार देते तो अगदी ठसठशीत असतो. ती पानावर बसते, पंख सपाट पसरते आणि पोटाचं टोक सरळ आभाळाकडे उभं करते. मग नराला काही केल्या टोक जुळवता येत नाही. थोडा वेळ फडफडून तो निघून जातो. अशी बसलेली मादी बहुतेक वेळा आधीच मीलन झालेली असते.

प्रश्न (सावंतवाडी) : कढीपत्त्याजवळ काळं, पांढऱ्या ठिपक्यांची रांग असलेलं फुलपाखरू आणि लाल-पांढऱ्या डागांचं दुसरंच फुलपाखरू जोडीत बसलेलं पाहिलं. दोन जातींचा संकर होतो का?

जात एकच, कॉमन मॉरमॉन. याचे नर सगळे सारखे असतात, काळे आणि मागच्या पंखावर पांढऱ्या ठिपक्यांचा आडवा पट्टा. मादीची रूपं मात्र 3. एक थेट नरासारखं, दुसरं कॉमन रोझची नक्कल करणारं, तिसरं क्रिमझन रोझची. ही दोन्ही रोझ फुलपाखरं अळी असताना ईश्वरीची वेल खातात, त्यामुळे विषारी असतात. पक्षी एकदा चव घेतात आणि पुढे त्या वाटेला जात नाहीत. मॉरमॉनच्या मादीला त्या बदनामीचा फुकटात फायदा मिळतो. फरक ओळखायचा तर पंखाकडे नाही, अंगाकडे बघा. खऱ्या रोझचं पोट लाल असतं, नकली मादीचं काळं.

ही रूपं कोणती हे डबलसेक्स नावाच्या एकाच जनुकावर ठरतं, असं कृष्णमेघ कुंटे आणि सहकाऱ्यांनी 2014 मध्ये दाखवलं. कीटकांत नर-मादीचे फरक घडवणारं हे जनुक. या जातीत तेच मादीचा पोशाखही ठरवतं. त्यामुळे एकाच आईच्या मुली वेगवेगळ्या रूपांच्या निघू शकतात. नराच्या अंगात हे जनुक असलं तरी त्याच्या पंखांवर त्याचं काही उमटत नाही.

डॅनाइड एगफ्लायमध्येही असाच घोळ होतो. नर काळा, पंखांवर मोठे पांढरे डाग. मादी हुबेहूब बिबळ्या कडव्यासारखी नारिंगी. ती कडवा नाही हे ती अंडी कुठे घालते त्यावरून कळतं. कडव्याची मादी रुईवर जाते, ही घोळीच्या भाजीवर.

प्रश्न (पुणे, महाविद्यालयीन विद्यार्थिनी) : मीलन झाल्यावर अंडी लगेच फळतात का? एक मादी किती वेळा मीलन करते?

अंड्याचं फलन मीलनाच्या वेळी होतच नाही. पुष्कळ पुस्तकांत ही पायरी गाळलेली असते, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

बहुतेक सगळ्या फुलपाखरांच्या मादीच्या पोटात दोन वेगळी दारं असतात. एक मीलनाचं, दुसरं अगदी टोकाला, अंडी बाहेर टाकायचं. नर सुटे शुक्राणू देत नाही; प्रथिनांच्या वेष्टनात बांधलेली एक पुडी देतो. ती पहिल्या दारातून आत एका पिशवीत जाऊन पडते. या पिशवीच्या आतल्या भिंतीवर पुष्कळ जातींत खरखरीत दात असतात. पिशवी आकुंचन पावली की ते पुडीचं वेष्टन फोडतात. बाहेर आलेले शुक्राणू एका बारीक नळीतून दुसऱ्या कुपीत जातात आणि तिथे कित्येक दिवस टिकतात. मादी अंडं टाकायला लागली की ते या कुपीजवळून सरकतं आणि त्या क्षणी थोडे शुक्राणू सोडले जातात. अंड्याच्या वरच्या टोकाला सुईच्या टोकाहून बारीक छिद्र असतं, त्यातून शुक्राणू आत शिरतो. म्हणजे सोमवारी जोडी जमली आणि शुक्रवारी अंडं पडलं, तर फलन शुक्रवारचं.

पुडीत आणखीही माल असतो. प्रथिनं आणि क्षार मादीच्या अंगी लागतात आणि अंड्यांतही उतरतात. अमेरिकेतल्या क्वीन नावाच्या कडव्याच्या भावकीत तर नराची कडू अल्कलॉइडं पुडीतून मादीकडे आणि तिच्याकडून अंड्यांकडे जातात, हे तपासून पाहिलेलं आहे. शुक्राणूही दोन तऱ्हेचे असतात. काहींत केंद्रक असतं, तर काही केंद्रकाविना नुसतेच पोहतात. या दुसऱ्यांचा फलनाला उपयोग नाही, तरी त्यांचीच संख्या फार मोठी असते. मादीची कुपी भरलेली राहावी आणि तिला दुसऱ्या नराची ओढ वाटू नये, हे त्यांचं काम असावं असं एक स्पष्टीकरण दिलं जातं.

किती वेळा मीलन, हे जातीवर आहे. काही माद्या एकदाच करतात, तर कडव्यांच्या माद्या अनेकदा. मादीच्या पोटातल्या पिशवीत रिकाम्या पुड्यांचे अवशेष राहतात, त्यामुळे मेलेली मादी उघडून ते मोजले की तिचा हिशेब मिळतो. टॉनी कोस्टरचा नर तर हिशेबाला जागाच ठेवत नाही. कृष्णकमळाच्या वेलीवर दिसणारं, मंद उडणारं हे नारिंगी फुलपाखरू. मीलन संपताना नर मादीच्या पहिल्या दारावर बूच बसवतो आणि ते घट्ट वाळतं. दुसऱ्या नराला वाट बंद. अंड्याचं दार वेगळं असल्यामुळे तिचं अंडी घालणं अडत नाही.

प्रश्न (महाड) : नदीकाठच्या ओल्या वाळूवर शंभरेक फुलपाखरं सोंड खुपसून बसतात. त्यांत माद्या का नसतात?

कारण त्यांना पाण्यापेक्षा मीठ हवं असतं आणि नराला ते जास्त लागतं. पानांत सोडियम फार कमी. नर ओल्या मातीतून, शेणातून, माणसाच्या घामातून तो गोळा करतो आणि त्यातला बराचसा पुडीत घालून मादीला देतो. तिला हा खुराक मीलनातच मिळतो. गुरं मुतलेल्या जागेवर गर्दी जास्त का, तेही यातच आलं.

प्रश्न (ठाणे, आणि असेच आणखी 4) : गॅलरीतल्या कढीपत्त्याच्या कुंडीत पिवळी अंडी दिसतात. कधी गायब होतात, कधी काळी पडतात, कधी अळी मरते. फुलपाखरू बाहेर येईपर्यंत नीट वाढवायचं कसं?

कढीपत्त्यावरची ही अंडी लाइम बटरफ्लायची किंवा कॉमन मॉरमॉनची. ती गोल, गुळगुळीत, फिकट पिवळी, साधारण 1 मिलिमीटरची आणि कोवळ्या पानावर एकेकटी असतात. मादी बसल्याबसल्या पुढच्या पायांनी पानावर टकटक करते. चव ओळखणारे केस तिच्या पायांवरच असतात. मग पोट वाकवून एक अंडं टाकते आणि दुसऱ्या फांदीकडे जाते. फार तर 2-3 सेकंदांचं काम.

अंडं 3 ते 5 दिवसांत फुटतं. आदल्या दिवशी ते गडद होतं आणि आत अळीचं काळं डोकं दिसतं, ही चांगली खूण. आख्खं अंडं एकसारखं काळंकुट्ट झालं आणि आत डोकं वेगळं दिसत नसेल, तर त्यात ट्रायकोग्रामा नावाच्या सूक्ष्म गांधीलमाशीने आपलं अंडं घातलं आहे. त्यातून अळी येणार नाही. अंडं पिवळंच राहिलं आणि पिचकलं, तर ते फळलेलंच नव्हतं. गायब होणाऱ्या अंड्यांचा बंदोबस्त मुंग्या करतात.

घरात आणायचं तर नुसतं पान तोडू नका, फांदीचा तुकडा घ्या. देठाला ओला कापूस गुंडाळा. पाण्याच्या बाटलीत खोचायची असेल तर बाटलीचं तोंड कापसाने बंद करा. देठावरून उतरून बाटलीत बुडालेल्या अळ्यांची तक्रार दर पावसाळ्यात येते. डब्याच्या तोंडाला मलमल बांधा आणि तळाला कागद घालून तो रोज बदला. लेंड्या साचल्या, झाकण घट्ट असलं आणि आतून दव धरलं की बुरशी आणि रोगजंतू वाढतात आणि अळी काळी, पिळपिळीत होऊन लोंबते. अशी अळी लगेच बाहेर काढा आणि डबा साबणाने धुऊन उन्हात वाळवा.

बाजारातली कढीपत्त्याची जुडी अळीला कधीच घालू नका. धुतलेली असली तरी नको. काही औषधं पानाच्या आत मुरलेली असतात. नर्सरीतून नुकत्याच आणलेल्या झाडाचीही तीच गत. नवी पालवी येईपर्यंत थांबलेलं बरं.

पहिले 4 टप्पे अळी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, तपकिरी आणि पांढरट. पाचव्यात ती हिरवी होते. डिवचलं तर डोक्यामागून तांबूस दुशिंगी अवयव बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. कात टाकायच्या आधी अळी दिवसभर हलत नाही, खात नाही. इथेच बहुतेकांचा धीर सुटतो. आजारी आहे असं समजून ते तिला नव्या पानावर उचलून ठेवतात. तिने पाय रेशमाच्या गादीत रोवलेले असतात. गादी सुटली की कात अर्धवट अडकते आणि अळी जाते. पान बदलायचं तर जुना तुकडा तसाच ठेवून शेजारी नवी फांदी टेकवा.

सुमारे दोन आठवड्यांनी ती एक ओलसर, पातळ लेंडी टाकते आणि डब्यात वेड्यासारखी फिरू लागते. आता तिला खाणं नको, तिरकी काडी हवी. काडीवर ती शेपटाकडे रेशमाची गादी करते आणि कमरेभोवती धागा घेऊन थोडी मागे झुकून बसते. कोष हिरवा होतो किंवा तपकिरी, भोवतालच्या मानाने. पंखांची जागा लख्ख दिसेपर्यंत साधारण 8 ते 12 दिवस लागतात. कोष निखळला तर काडीवर धाग्याने सैल बांधा किंवा खरखरीत कापडावर तिरका टेकवा. बाहेर आल्यावर वर चढून पंख खाली सोडायला फुलपाखराला चोहीकडून 8-10 सेंटिमीटर मोकळी जागा हवी. निसटून खाली पडलं तर पहिल्या काही मिनिटांतच कागदावर घेऊन उभ्या कापडाला लावा. तासाभराने पंख जसे आहेत तसेच वाळतात आणि मग कोणताही उपाय चालत नाही.

कोषाला बारीक गोल भोक पडलेलं दिसलं आणि आतून बारक्या माश्या निघाल्या, तर परजीवी गांधीलमाश्यांचं काम. घरात उशिरा आणलेल्या अळीला ती लागण आधीच झालेली असते. म्हणून आणायचं तर अंडंच आणावं. आणि जे ओळखता येत नाही ते डब्यात कोंडू नये. काही जातींना 1972 च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे.

प्रश्न (कोल्हापूर) : घरी वाढवलेली नर-मादी जाळीच्या पिंजऱ्यात ठेवली, पण जोडी जमत नाही. मादीने अंडी घातली ती फुटली नाहीत.

फळली नसतील तर फुटणार कुठून? बहुतेक जातींना प्रियाराधनासाठी उडायला जागा आणि कडक ऊन लागतं. त्यात नर-मादी एकाच आईची असतील तर पुढची पिढीही कमकुवत. काही हौशी लोक दोघांना बोटांत धरून टोकाला टोक दाबतात. त्यात पाकळे आणि मिशा मोडतात. हे आम्हाला मान्य नाही. पंख वाळले की सोडून द्या.

प्रश्न (श्रीगोंदा) : तुम्ही या अळ्यांचे लाड सांगता. आमच्या लिंबाच्या रोपवाटिकेत याच अळ्या शेंडे खातात. काय करायचं?

तक्रार रास्त आहे. लाइम बटरफ्लाय रोपवाटिकेत आणि लहान कलमांवर खरोखरच नुकसान करतं. 10-12 पानांच्या रोपाला दोन मोठ्या अळ्या पुरे होतात. मोठ्या झाडाला मात्र काही होत नाही, तिथे फवारणीवर पैसे घालवू नका. रोपांवर पालवीच्या दिवसांत दर 3-4 दिवसांनी सकाळी फिरून अंडी आणि विष्ठेसारख्या दिसणाऱ्या लहान अळ्या हाताने वेचा. वेचलेल्या बांधावरच्या बावचीवर सोडल्या तर तिथेही वाढतात. प्रादुर्भाव हाताबाहेर असेल तर बॅसिलस थुरिन्जिएन्सिस या जिवाणूपासून केलेल्या कीडनाशकाची फवारणी, मात्रा लेबलप्रमाणे, संध्याकाळी. ती लहान अळ्यांवर चालते, हिरव्या मोठ्या अळीवर फारशी नाही. शक्य असेल तर रोपांवर बारीक जाळी टाका. मादीचा पायच पानाला लागला नाही तर पुढचं सगळं टळतं.

प्रश्न (रत्नागिरी) : मी वाढवलेल्या एका जातीत सगळ्या माद्याच निघाल्या. योगायोग का?

5-6 कोषांत योगायोग असू शकतो. फुलपाखरांत लिंग आईकडून ठरतं. नराची दोन्ही लिंग-गुणसूत्रं सारखी, मादीची वेगवेगळी. म्हणजे माणसाच्या नेमकं उलट. पण ग्रेट एगफ्लायसारखी जात असेल तर दुसरंही कारण संभवतं. व्होल्बाकिया नावाचा जिवाणू आईकडून अंड्यांत जातो आणि काही ठिकाणी नर गर्भ मारतो. सामोआ बेटांवर 2001 मध्ये या जातीत नर शेकडा 1 च्या आसपास उरले होते. जिवाणूला दाद न देणारं जनुक तिथे पसरलं आणि 2006 पर्यंत नर जवळजवळ माद्यांच्या बरोबरीला आले. सुमारे 10 पिढ्यांत.

प्रश्न (न्यू जर्सी) : आमच्या अंगणात मिल्कवीडवर मोनार्क येतात. जुलैत जोड्या दिसतात, सप्टेंबरात फुलपाखरं भरपूर पण जोडी एकही नाही. असं का?

सप्टेंबरातली पिढी वयात आलेलीच नसते. दिवस लहान आणि रात्री गार झाल्या की कोषातून येणाऱ्या मोनार्कची जननेंद्रियं अपक्व राहतात. जी ताकद अंड्यांत गेली असती ती चरबीत साठते. ही मंडळी मेक्सिकोत मिचोआकानच्या डोंगरांतल्या ओयामेल वृक्षांवर हिवाळा काढतात आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये तिथेच जोड्या जमवून उत्तरेला निघतात. उन्हाळ्यातला मोनार्क 2 ते 5 आठवडे जगतो, ही पिढी 8 महिन्यांपर्यंत. सप्टेंबरात त्यांना मिल्कवीडपेक्षा मधाची फुलं हवी असतात, तेव्हा ॲस्टर आणि गोल्डनरॉड कापू नका.

प्रश्न (सातारा) : कोषातून फुलपाखरू निघाल्यावर कापडावर लालसर थेंब पडले. आजी म्हणाली, पाखरू बाळंत झालं. रक्त होतं का?

रक्त नाही आणि बाळंतपणही नाही. कोषात असताना साठलेला टाकाऊ द्रव आहे तो; नर आणि मादी दोघंही टाकतात. डाग लगेच गार पाण्याने धुवा.